नऊ नंबरच्या बेडपाशी कोण बसलं होतं

गेली चोवीस वर्षं मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर आहे. तालुक्यातून अंगात आल्याच्या, कुणी दिसल्याच्या, मेलेल्या माणसानं दार वाजवल्याच्या बातम्या येतात. त्यातली एकही मी पानावर जाऊ दिलेली नाही. वार्ताहराला फोन करून विचारायचो — किती जणांनी पाहिलं, किती अंतरावरून? पुढचा प्रश्न विचारायची वेळ यायची नाही. या पेजवर लिहिणाऱ्यांचे अनुभवही मी तसेच वाचत आलो, म्हणजे मनातल्या मनात काटछाट करत. तेव्हा आता माझ्या मजकुराला कुणी कात्री लावली तर माझी तक्रार नाही.

घटना तीन वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारची. वेळ दुपारी दोन दहा ते दोन पन्नास. ठिकाण जालन्यातलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल. त्याच आवारात त्यांचं नर्सिंग स्कूल आहे. नाव लिहीत नाही. पहिल्या मजल्यावर जिना चढलं की उजव्या हाताला महिलांचा वॉर्ड. दुहेरी दार, त्याचा एक पल्ला कायम उघडा. आत चौदा बेड, सात डावीकडे, सात उजवीकडे. नऊ नंबरचा बेड उजव्या रांगेतला दुसरा. दारापासून बारा पावलं. ही पावलं मी नंतर मोजली.

त्या बेडवर माझी सरूमावशी होती. पिंपळगाव रेणुकाईला राहायची. मी आठवी ते दहावी तिच्या घरी राहून भोकरदनच्या शाळेत जात होतो. तीन वर्षं पहाटे उठून तिनं मला डबा करून दिला. आम्हा दोघांच्या नात्याबद्दल एवढं पुरे. वय त्र्याहत्तर, हृदय कमजोर, फुफ्फुसात पाणी झालेलं. शनिवारी आणलं तेव्हा धाप लागत होती. सोमवारी डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, दोन-तीन दिवसांत घरी नेता येईल.

सोबत तिचा मुलगा नामदेव होता. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो.

रविवारी मी भेटायला गेलो तेव्हा नसरीनला पहिल्यांदा पाहिलं. जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, भोकरदनची, वय वीस-एकवीस. फिकट निळा ड्रेस, पांढरा एप्रन आणि डोक्याला पांढरा स्कार्फ. तो स्कार्फ तिच्या बॅचमध्ये फक्त तीच बांधायची. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा तपशील महत्त्वाचा आहे, म्हणून आत्ताच सांगतो.

ती मावशीचं मनगट धरून बसली होती. नजर छातीवर लावलेल्या घड्याळाकडे. बराच वेळ गेला तशी मावशी म्हणाली, “काय गं पोरी, सापडंना का माझी नाडी? इतका येळ तर बांगड्या भरणारीनं हात धरला न्हाई माझा.”

“सापडली की आजी. सोडली तर पळून जाईल, म्हणून धरून ठेवलीय.”

“धर मंग. तसंबी कोन धरून राह्यलं आता.”

नामदेव हसला. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, नाडी मोजायला इतका वेळ लागतो का? ती म्हणाली, “नाडी कधीच झाली होती काका. नंतर मी श्वास मोजत होते. पेशंटला सांगायचं नसतं. सांगितलं की त्याचा श्वास बदलतो, आकडा बराबर येत नाही. म्हणून हात तसाच धरून ठेवायचा. त्याला वाटतं नाडीच बघतेय.” पूर्ण एक मिनिट मोजायचं असतं, हेही तिनं सांगितलं. मला ती युक्ती आवडली. मुलगी मन लावून काम करतेय, असं माझं मत झालं, आणि मी ते नामदेवला बोलूनही दाखवलं.

मंगळवारी दुपारी एक वाजता नामदेवचा फोन आला. एक तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये दिली होती, तिचा रिपोर्ट आणायला त्याला जायचं होतं. “दादा, माय एकटी ऱ्हाईल. तू येऊन बसतो का तासभर? तिनं दोनदा इचारलं तुझं.”

“दीडपर्यंत पोचतो,” मी म्हणालो.

आमचं ऑफिस नवीन जालन्यात, स्टेशनजवळ. तिथून हॉस्पिटल मोटारसायकलवर दहा मिनिटं. मी वेळेवर निघालो नाही. एका जाहिरातीमुळे पान तिसऱ्यांदा बदलत होतं, ते संपवून निघालो. हॉस्पिटलच्या फाटकात पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

गाडी लावून, जिना चढून वॉर्डच्या दारात पाय टाकणार तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचाच. वॉर्डात फोनवर बोलू देत नाहीत, म्हणून मी व्हरांड्यातच थांबलो. कॉल माझ्या मोबाइलमध्ये नोंदलेला आहे — दोन चौदा ते दोन पंचवीस. ही अकरा मिनिटं मी उघड्या पल्ल्यातून आत पाहत बोलत होतो.

मावशी उशाला टेकून, डोळे मिटून पडली होती. शेजारच्या स्टुलावर नसरीन बसली होती. फिकट निळा ड्रेस, एप्रन, पांढरा स्कार्फ. पाठ अर्धी माझ्याकडे, चेहरा बाजूनं दिसत होता. तिनं मावशीचं मनगट दोन्ही हातांत धरलं होतं आणि किंचित वाकून ती काहीतरी बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते. खिडकीतून ऊन येत होतं. उजेड भरपूर होता, आणि मला चष्म्यानं नीट दिसतं.

अकरा मिनिटांत तिनं हात सोडला नाही. फोन ठेवताना मला वाटलं — बसलीय ती. मावशीला झोप लागलीय, उगाच आत जाऊन जागं कशाला करा. तीनला संपादकांची मीटिंग होती. संध्याकाळी निवांत येऊ, असं ठरवलं आणि जिना उतरलो.

दोन पन्नासला वॉर्ड सिस्टर राउंडला आल्या. मावशी गेलेली होती. स्टूल रिकामं होतं. मनगट चादरीवर उताणं होतं, असं सिस्टरांनी नंतर सांगितलं. तीन वाजता मला नामदेवचा फोन आला. मीटिंग नुकतीच सुरू होत होती.

दहाव्या दिवसानंतर नामदेवनं तक्रार दिली. तो भांडखोर नाही. त्याच्या अर्जात भरपाई-बिरपाई काही नव्हतं. एकच वाक्य होतं, माझ्या आईच्या अखेरच्या वेळी तिच्याजवळ कुणी होतं की नव्हतं, ते मला सांगावं. त्या दिवशी तो मला म्हणाला, “दादा, म्हातारी मानूस, जायचीच व्हती एक दिवस. पर एकटी गेली का, एवढंच कळू दे. मला जेवनच जाऊन न्हाई राह्यलं.” मी त्याला लगेच सांगितलं, एकटी नव्हती, नसरीन होती, मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानं विचारलं, “मंग तू कुठं व्हता?”

“दारात,” मी म्हणालो. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

चौकशी नर्सिंग स्कूलच्या प्राचार्यांच्या खोलीत झाली. प्राचार्या, वॉर्ड सिस्टर आणि मुलींना वॉर्डात शिकवणाऱ्या वायाळ मॅडम. टेबलावर मावशीचा चार्ट होता. दुपारी दोनच्या रकान्यात नसरीनच्या अक्षरात ताप, नाडी अठ्ठ्याऐंशी, श्वास बावीस. खाली सही.

मी पाहिलं ते वेळेसकट सांगितलं. प्राचार्यांनी मान डोलावली. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण नसरीननं एप्रनच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. परीक्षेच्या फॉर्मची प्रिंट होती. खाली वेळ छापलेली — दोन एकोणीस.

“मॅडम, मी वॉर्डात नव्हते,” ती म्हणाली. “फॉर्मचा शेवटचा दिवस होता. मी एक चाळीसला निघाले. स्टेशनजवळच्या सेंटरवर गेले. दोनचं रीडिंग मी जायच्या आधीच लिहून ठेवलं. नाडी मोजली नाही, श्वास मोजला नाही. सकाळचा आकडा बघून अंदाजे टाकला. तीन पाचला परत आले तेव्हा सगळं झालं होतं.”

वॉर्ड सिस्टर म्हणाल्या, “अगं, हे गृहस्थ सांगतायत ना तू बसली होतीस म्हणून!”

“ते चुकीचं सांगतायत.”

मग नऊच्या शेजारी, आठ नंबरला असलेल्या गयाबाईंचं म्हणणं वाचून दाखवलं. डिस्चार्ज होऊन त्या गेल्या होत्या. जाण्याआधी सिस्टरांनी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. “ती डोक्याला पांढरं बांधल्याली पोर बसली व्हती की. हात धरून. म्हनत व्हती, मी मोजून राह्यले आजी, तुम्ही निजा.”

नसरीननं मान हलवली. “आम्ही पेशंटला कधीच सांगत नाही मोजतोय म्हणून. पहिल्या वर्षापासून सांगत नाही. मी असं बोलणार नाही, मॅडम.”

प्राचार्यांना हे सगळं लवकर संपवायचं होतं, ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, फॉर्म सेंटरवालाच भरतो, ओटीपी फोनवरून सांगता येतो, मुलगी धक्क्यात आहे, कुणाचा मृत्यू पहिल्यांदा झाला की अशी अपराधी भावना येते. दोन साक्षीदारांनी पाहिलंय. मला पुन्हा एकदा विचारलं, “ती हीच होती, नक्की?”

पानावर जाणाऱ्या बातमीसाठी मी बाजूनं दिसलेल्या चेहऱ्यावर ओळख मान्य केली नसती. “हो,” मी म्हणालो.

चार्ट आधी भरल्याबद्दल नसरीनला लेखी समज मिळाली. मृत्यूच्या वेळी विद्यार्थिनी रुग्णाजवळ होती, असा निष्कर्ष निघाला. नामदेवला त्याची प्रत मिळाली, आणि त्यानं तक्रार मागं घेतली.

जिन्यात नसरीननं मला गाठलं. “काका, तुम्ही खोटं का बोललात?”

“मी पाहिलं ते सांगितलं.”

“मला वाचवायला बोललात ना? दया आली? मला नको होती. माझी चूक होती, ती माझ्याकडंच राहू द्यायची होती.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. “रविवारी तुम्ही बघितलं ना मला मोजताना? मॅडम राउंडवर होत्या म्हणून मोजलं. न्हाई तर आम्ही सगळ्याजणी लिहून टाकतो. बावीस, वीस, बावीस. आता ते कागदावर पण खरं झालं, तुमच्यामुळं.”

दोन दिवसांनी मी स्टेशनजवळच्या त्या सेंटरवर गेलो. सवयीनं गेलो, असं म्हणता येईल. सेंटरवाला म्हणाला, “नर्सिंगवाली, पांढऱ्या स्कार्फची? आल्ती ना. सर्व्हर डाउन होता, फॉर्म निघाला पण फीची पावती दोन वेळा अडकली. अडीचच्या पुढंच गेली ती. तिथं, त्या खुर्चीवर बसली होती.” त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. वार, वेळ, तिनं दोनदा मागितलेलं पाणी, सगळं त्यानं न विचारता सांगितलं.

मग मी बाकीच्या शक्यता तपासल्या. दुसऱ्या वर्षाच्या मुली त्या दिवशी गावातल्या भेटीवर गेल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या वर्गात होत्या, हजेरी आहे. तिसऱ्या वर्षाच्या इतर मुली ऑपरेशन थिएटरला. आयाबाईंचा ड्रेस वेगळा, बदामी. व्हरांड्यातला कॅमेरा महिनाभर बंद. सेंटरपासून हॉस्पिटलपर्यंत रिक्षानं पंधरा मिनिटं. बसवून बघितलं, कुठूनही हिशेब बसला नाही.

वर्तमानपत्रात चूक झाली की आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. इथं दुरुस्ती देणं माझं काम होतं. प्राचार्यांकडं जाऊन सेंटरवाल्याचं म्हणणं सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. नामदेव जेवायला लागला होता, हे एक कारण. दुसरं असं की नसरीन तिथं नव्हती हे मान्य केलं, तर मग मावशीजवळ कोण होतं... आणि कुणीच नसेल, तर मी अकरा मिनिटं कुणाकडं पाहत होतो?

मार्चमध्ये नामदेव जालन्याला आला. सोबत त्याची बायको. पिशवीत शेंगा, घरच्या डाळी, आणि एक ड्रेसपीस. त्याला नसरीनला भेटायचं होतं. मी टाळायचा प्रयत्न केला, तो ऐकेना. होस्टेलच्या फाटकाशी तिला बोलावलं.

नामदेव तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. “बाई, तू लेकराच्या वयाची हाईस. पर तू माझ्या मायचा हात धरला. म्या न्हाई धरू शकलो, तू धरला.”

“काका, मी नव्हते हो,” ती म्हणाली.

“आता कशाला लाजती? दादानं बघितलंय. त्या गयाबाईनं बघितलंय.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलावं, यासाठी ते पाहणं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी नामदेवच्या पिशवीकडं पाहत राहिलो. नामदेवच्या बायकोनं ड्रेसपीस तिच्या हातात ठेवला आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. नसरीन तशीच उभी राहिली. मग तिनं हळूच विचारलं, “त्यांना... त्रास झाला नसेल ना?”

“तुलाच ठाऊक, पोरी,” नामदेव म्हणाला.

त्यानंतर वर्षभर मी त्या हॉस्पिटलकडं फिरकलो नाही. वायाळ मॅडम एकदा बाजारात भेटल्या. विषय निघालाच. त्या म्हणाल्या, “पहिल्या वर्षी मुली घाबरत-घाबरत एकेक श्वास मोजतात. दुसऱ्या वर्षी हात बसतो, आणि मोजणं सुटतं. माझंही सुटलं होतं. पुस्तकात सेवाभाव म्हणून धडा आहे, मी पंधरा वर्षं शिकवतेय. काहीजणी मध्येच कधीतरी परत मोजायला लागतात. का लागतात, ते मला अजून सांगता येत नाही. काही कधीच लागत नाहीत.” नसरीनबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “ती आता चार्ट उशिरा देते. सिस्टर ओरडतात. चौदा पेशंट, प्रत्येकाला पूर्ण मिनिट. सिस्टरांना सांगते, ओरडा, पण मी लिहिणार नाही.”

गेल्या ऑगस्टमध्ये भोकरदनला एका बातमीसाठी गेलो होतो. तिथल्या एका दवाखान्यात नसरीन स्टाफ नर्स आहे, हे मला माहीत नव्हतं. मी डॉक्टरांची वाट पाहत बाकावर बसलो होतो. समोर एक शिकाऊ मुलगी चार्ट लिहीत होती. नसरीननं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. “आधी बस त्यांच्याजवळ. पेन मी देते मग.”

“सिस्टर, सकाळी वीसच होते.”

“सकाळी होते. आत्ताचं विचारतेय.”

मुलगी तोंड वेडंवाकडं करत गेली. नसरीननं मला ओळखलं. चहा मागवला. नामदेवची चौकशी केली. त्या दिवसाचा राग तिच्या बोलण्यात नव्हता, त्यामुळे मला धीर आला. जे अडीच वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते मी सांगितलं — की मी सेंटरवर गेलो होतो, तू तिथं होतीस हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. पण खोटं बोललो नव्हतो. मी तुलाच पाहिलं होतं.

तिनं चहाचा कप हातात घेतला.

“मी पुष्कळ वेळा विचार केला काका,” ती म्हणाली. “गयाबाई म्हणाल्या, मी मोजून राह्यले, तुम्ही निजा. आता कुणी पेशंट घाबरला की मी तेच म्हणते. आपोआप तोंडात येतं. तेव्हा कधी म्हटलं नव्हतं. ते माझ्या आधी कुणी म्हटलं?” मग म्हणाली, “एक विचारू? राग मानू नका. तुम्ही आत का नाही आलात?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नामदेवनंही अर्ध्यावर सोडला होता.

“वाटलं, तू आहेस,” मी म्हणालो.

नसरीननं कप खाली ठेवला. “मी निघाले तेव्हा जिन्यात नामदेवकाका भेटले होते. म्हणाले, दादा येऊन राह्यलाय, पाच मिनिटांत येऊन बसंल. म्हणून मी गेले.” ती माझ्याकडं पाहत नव्हती. “मलापण वाटलं, तुम्ही आहात.”

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. ज्या दोघांनी तिथं असायला हवं होतं, त्यातलं कुणीही त्या स्टुलावर बसलेलं नव्हतं, एवढं मी खात्रीनं लिहू शकतो.